कडूबाईचा शेक

कडूबाईला कुणी विचारलं, तुम्ही काय काम करता, तर ती म्हणते, "काय न्हाय, बाया-लेकरं बघते." तेर गावात एवढं सांगितलं की पुरतं. कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली, कुणाची सून दवाखान्यातून पोर घेऊन परतली, की दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई दारात उभी. बाळंतिणीचं अंग तेलानं रगडायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाजेवर निजवून शेक द्यायचा, आणि शेवटी ते इवलंसं पोर आपल्या लांब केलेल्या पायांवर घेऊन चोळूनमोळून न्हाऊ घालायचं. हे सगळं ती एकटी करते आणि करताना तोंडाचा पट्टा एकदाही थांबू देत नाही.

माझी दोन्ही बाळंतपणं तिच्याच हाताखालून गेली. मी तिच्या शेजारची, घरी ब्लाउज शिवते. शेक चालू असताना मी तिला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण शेक झाला की अशी झोप लागायची, की तेरणा नदी घरातून वाहून गेली असती तरी मला कळलं नसतं.

तिचा शेक म्हणजे एक पुरचुंडी. खडे मीठ, ओवा आणि निर्गुडीचा पाला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट बांधलेला. ती तव्यावर टेकवायची, मग अंगावर टेकवायची. जन्मभर तवा आणि शेगडी हाताळून कडूबाईचे तळवे इतके निबर झालेत, की ती चुलीतला निखारा दोन बोटांनी उचलून चिलीम पेटवणाऱ्याला देते. त्यामुळं पुरचुंडी किती तापली हे तिच्या हाताला कळत नाही. ते ती समोरच्या बाईच्या तोंडून काढून घेते. टेकवलं की विचारते, "सोसतंय का?" बाई "हं" म्हणाली की दाबते. "बास" म्हणाली की उचलते. गावातल्या दोन पिढ्या तिनं या एका प्रश्नावर शेकून काढल्या आणि कुणाच्या अंगावर साधा डाग उठला नाही.

नावाचं म्हणाल तर तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. यमानं चाखावं आणि थुंकून द्यावं. यमानं तसंच केलं, पण हिशोब तिच्या नवऱ्यावर चुकता केला. रामकिसनमामांना लकवा झाला. तोंड वाकडं, डोळा अर्धा मिटलेला, हात दोरीला टांगल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू हात. कडूबाईनं वर्षभर त्या हाताला शेक दिला, तेल चोळलं. हात काही आला नाही आणि एका सकाळी मामाच गेले.

मागं राहिला एक मुलगा, बजरंग. त्याची बायको सोनाली, लोहाऱ्याकडची, बारावी झालेली, तोंडानं फटकळ. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. घरात तान्ही राजनंदिनी, अंगावर पिणारी. सासू-सुनेचं पटायचं का, तर दोघी दिवसभर भांडायच्या आणि संध्याकाळी एका ताटात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायच्या. "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे," असं मी एकदा म्हणाले तर सोनाली म्हणाली, "माझे चार कवा सुरू होणार ते आत्यालाच इचारा." सासूला ती आत्या म्हणते.

गेल्या हिवाळ्यात बजरंगच्या मोटारसायकलवरून येताना ती पडली. एका बाजूला पाय सोडून बसलेली, हातात पिशवी. रस्त्यावर नवा गतिरोधक, त्याला पट्टे मारलेले नव्हते. गाडी उडाली आणि सोनाली डाव्या खांद्यावर आदळली. पोरगी घरी होती हे नशीब. गळ्याखालचं आडवं हाड, ज्याला डॉक्टर कॉलर बोन म्हणतात, ते मधोमध मोडून एकावर एक चढलं होतं. कातडीखालून टोक वर आलेलं दिसायचं. श्वास घेतला तरी ती कळवळायची. पोरीला पाजायला घ्यायचं म्हटलं की आधीच डोळ्यांत पाणी.

धाराशिवच्या एका हाडांच्या दवाखान्यात ऑपरेशन करून हाडावर स्टीलची पट्टी बसवायचं ठरलं. सोनालीला ऑपरेशनची नाही, भुलीची भीती. पूर्ण भूल दिली तर दूध कधी पाजायचं, त्या औषधाचं दुधात काही उतरेल का, ही तिची काळजी. तिथल्या भुलीच्या डॉक्टर शिवांजली म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी तिला सांगितलं, तुम्हाला झोपवायचंच नाही. खांद्याला आणि हाताला जाणाऱ्या नसा मानेतून खाली उतरतात. मशीनच्या पडद्यावर त्या नसा बघून तिथंच इंजेक्शन द्यायचं. मग तेवढीच बाजू बधिर होते, तुम्ही जाग्या राहता. ऑपरेशन झाल्यावरही दुखणं उद्या सकाळपर्यंत जवळ येत नाही. पोरीला दुपारीच पाजा.

आणि झालं अगदी तसंच. ऑपरेशन चालू असताना सोनाली डॉक्टरांशी राजनंदिनीच्या दातांबद्दल बोलत होती. दुपारी बजरंगचा फोन आला, सगळं बेस झालं, पोरीला घेऊन या. कडूबाई आणि मी पोरगी घेऊन निघालो. एसटीत कडूबाईनं पिशवी मांडीवर गच्च धरली होती. तिच्यात पोरीचे कपडे, भाकरी, आणि पोरीचं पोट दुखलं तर असावी म्हणून पुरचुंडी.

वॉर्डात शिरलो आणि कडूबाई दारातच थबकली.

सोनाली उशाला टेकून बसली होती. तिची डावी पापणी खाली आलेली होती. डावा हात झोळीत होता, पण झोळीतून बोटं बाहेर लोंबत होती. कुणा दुसऱ्याचीच वाटावीत अशी. "आलात व्हय," ती म्हणाली तो आवाज तिचा नव्हता. घोगरा, बसलेला, म्हाताऱ्या बाईचा.

कडूबाईचं काय झालं असेल ते मी आता समजू शकते. तिनं हे सगळं आधी बघितलं होतं. डोळा, आवाज, हात. तिनं पोरगी माझ्या हातात कोंबली, कॉटजवळ जाऊन सुनेची बोटं उचलली आणि सोडली. ती पडली.

"लकवा मारलाय हिला," ती हळूच म्हणाली.

"न्हाय गं आई," बजरंग म्हणाला. "भुलीच्या डॉक्टरीन सांगून गेल्यात. डोळा जरा झाकंल, आवाज बसंल, हात उद्या सकाळपतुर असाच ऱ्हाईल. मग आपोआप उतरंल."

"तुज्या बापाच्या टायमाला बी असंच म्हनले हुते. येईल हळूहळू."

बजरंग औषधं आणायला खाली गेला. मी पोरीला सोनालीच्या उजव्या बाजूला पाजायला लावलं आणि सोनाली हसली. अपघातापासून पहिल्यांदा ती धड हसत होती. "आत्या, कायबी दुखंना बघा," ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हाड मोडल्यालं इसरूनच गेले म्या." ती इतकी खूश होती की मलाही हायसं वाटलं.

कडूबाईला मात्र दुखत नाही याचंच भय वाटत होतं. रामकिसनमामांनाही दुखत नव्हतं. "गालाला लावून बघितला, हात गरम लागतोय तिचा," ती मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली. "रगत साकळलंय आत. आत्ताच्या आत्ता मोकळं केलं तर केलं. रात गेली की हात गेला." आणि पिशवीतून पुरचुंडी काढून ती खाली गेली.

दवाखान्याच्या फाटकासमोर भज्यांचा गाडा होता. गाडेवाल्याला काय सांगितलं कोण जाणे, त्यानं तिला तवा टाकून दिला. दहा जणांच्या पोटात दुखणं असतं दवाखान्याच्या दारात, त्याला सवय असेल. ती पुरचुंडी पदरात गुंडाळून जिना चढून आली. त्या वेळी मला, सोनालीला, शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीला, कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सासू शेक देतेय. उलट म्हातारी म्हणाली, नशीबवान आहेस बाई.

कडूबाईनं झोळी सैल केली. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला पुरचुंडी टेकवली.

"सोसतंय का?"

"व्हय."

तिनं दाबली. "आता?"

"कायच लागंना, आत्या."

कडूबाईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या हिशोबानं ज्या बाईला शेक लागत नाही तिच्या अंगात थंडी खोल मुरलेली असते. तशा बाईला जास्त शेकायचं, ती स्वतःच "बास" म्हणेपर्यंत. ती पुन्हा खाली गेली, पुन्हा तापवून आली. पुन्हा विचारलं. सोनालीचं उत्तर तेच, आणि ते शंभर टक्के खरं होतं. शेवटी कडूबाईनं तापलेली पुरचुंडी हातावर ठेवून वरून फडकं गुंडाळलं, गाठ मारली आणि झोळी पूर्ववत केली. "ऱ्हावू दे जरा येळ," ती म्हणाली. पोरगी पिऊन माझ्या खांद्यावर झोपली, सोनालीलाही डुलकी लागली. कडूबाई कॉटच्या पायाशी बसून तिचे तळपाय चोळत राहिली.

ऊन उतरता उतरता सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. तिनं नाक आक्रसलं.

"हा ओव्याचा वास कसला?"

तिनं झोळी उघडली, फडक्याची गाठ सोडली. पुरचुंडी उचलली तर तिच्याबरोबर कातडीचा एक पापुद्रा उठून आला. खाली मांस ओलं, पांढरट, कडेनं लालबुंद. तळहाताएवढी जागा. मी पोरीचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं, तिला काय कळणार होतं, पण दाबलं.

सोनालीनं मान वळवून बघितलं. ती ओरडली नाही. ओरडावं असं तिला काही वाटतच नव्हतं. तिनं आधी त्या जागेकडं, मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडं बघितलं आणि विचारलं, "ह्यो माजाच हात हाय का?"

सिस्टर किंचाळली, "कुणी केलं हे?" तेव्हा कडूबाई जमिनीवर बसली होती. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. तिला मी जन्मात पहिल्यांदा गप्प बघत होते.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर आले, गार पाणी, मलम, पट्टी. आणि मग दवाखान्यानं पोलिसांना कळवलं. कळवावंच लागतं म्हणे. लग्नाला सात वर्षं झालेली नाहीत, सून भाजलेली आहे आणि भाजलंय सासूनं. दिवेलागणीच्या आत एक हवालदार आणि एक महिला पोलीस वॉर्डात हजर. बजरंगच्या तोंडचं पाणी पळालं. तो सारखं एकच म्हणत होता, "साहेब, शेक हुता वो, शेक."

हवालदारानं कडूबाईला विचारलं, "सुनेला कुणी भाजलं?"

"म्या," कडूबाई म्हणाली.

मला वाटलं ती पुढं काही बोलेल. नाही बोलली. दुसरी कुणी असती तर रडली असती, पाया पडली असती, देवाधर्माची आण घेतली असती. ही बाई एका शब्दात कबूल होऊन मोकळी. हवालदारानं महिला पोलिसाकडं बघितलं आणि कडूबाईला बाहेर व्हरांड्यात बसवलं. येणारेजाणारे तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होते, ती नजर आठवली तरी आजही माझं डोकं फिरतं. तिच्या हातून न्हालेलं एखादं लेकरू त्या गर्दीत असेलही.

आत हवालदार सोनालीला म्हणाला, "ताई, सासू बाहेर आहे. घाबरू नका. खरं काय ते सांगा."

"मला बरं वाटावं म्हनून त्यांनी शेकलं. मला कळलंच न्हाय."

"कळलं नाही?" त्यानं पट्टीकडं बोट केलं. "अहो, उदबत्तीचा चटका बसला तर माणूस बोंब मारतंय. एवढं भाजेपर्यंत तुम्ही गप्प?" मग तो जरा वाकला. "आवाज का बसलाय तुमचा? गळा दाबला का कुणी?"

एकेक गोष्ट बरोबर जुळत होती. बसलेला आवाज, झाकलेला डोळा, भाजलेला हात, दारात कबूल होऊन बसलेली सासू. मीच परकी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. खरं इतकं खोटं कसं दिसू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तेवढ्यात डॉक्टर शिवांजली धावत आल्या. घरी निघाल्या होत्या, अर्ध्या वाटेतून परतल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि हवालदाराला म्हणाल्या, "तुम्ही स्वतः चिमटा काढून बघा. अंगठ्याला. जोरात काढा."

हवालदार कचरला. मग त्यानं सोनालीचा डावा अंगठा धरला आणि नख रोवलं. डॉक्टरांनी सोनालीला खिडकीकडं बघायला सांगितलं होतं. ती बघत राहिली. बराच वेळ झाल्यावर म्हणाली, "काढताय ना चिमटा? काढा की."

अंगठ्यावर नखाची खूण लाल उमटली होती. हवालदारानं हात सोडला आणि आपल्याच पँटीला पुसला. डॉक्टरांनी त्याला आवाजाचं, डोळ्याचं कारण सांगितलं. मानेतलं औषध थोडं शेजारच्या नसांवर पसरतं, बहुतेकांना होतं, उतरतं. सोनालीनं जबाब दिला, "सासूनं मला जाळलं न्हाय. तिचा कायबी दोष न्हाय. असंच लिहा." सही उजव्या हातानं केली. पोलीस गेले.

डॉक्टर बाहेर येऊन कडूबाईच्या शेजारी फरशीवरच बसल्या. "मावशी, हा लकवा नाही. तिचा हात मीच झोपवलाय. सकाळी जागा होईल."

कडूबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "आन भाजल्यालं?"

"ते दुखणं पण तिला सकाळीच कळेल." त्यांनी पर्स फरशीवर ठेवली. "हात बधिर राहील हे मी सांगितलं होतं. गरम काही लावू नका, हे एक वाक्य सांगायचं राहिलं माझं."

मला त्या क्षणी त्या बाईच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि दुसऱ्याच क्षणी तिचे पाय धरावेसे वाटले. लपवता आलं असतं तिला. कडूबाईनं मात्र तिच्याकडं रागानं बघितलंसुद्धा नाही. तिच्या डोक्यात एवढंच बसलं होतं, सकाळी कळेल.

मग आम्ही वाट बघत बसलो. दुखणं जावं म्हणून माणसं दवाखान्यात बसतात, आम्ही ते यावं म्हणून बसलो होतो. यावं, कारण आलं तर हात जिवंत. येऊ नये, कारण काय येणार हे पट्टीखाली आम्ही बघितलं होतं. सोनालीला झोप लागली. कडूबाईनं कॉटचा लोखंडी पाय धरून ठेवला होता.

उजाडताना तिची करंगळी हलली. मग तर्जनी. "हलली," कडूबाई म्हणाली, इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं. आणि मग सोनाली जागी झाली. आधी तिनं ओठ चावला, मग "आई गं" म्हणाली, मग तिला शब्द सुधरेनात. खांद्याचं ऑपरेशन एका बाजूनं जागं झालं आणि भाजलेलं दुसऱ्या बाजूनं. गोळ्या आधीच दिल्या होत्या, सिस्टरनं इंजेक्शनही दिलं, पण ते लागू पडायला वेळ होता. ती हात छातीशी घेऊन वेडीवाकडी होत होती.

कडूबाई उठली. जन्मभर तिनं जे केलं तेच करायला गेली. कळवळणाऱ्या बाईच्या कपाळावर हात ठेवायला तिनं हात पुढं केला.

सोनाली भिंतीकडं सरकली. सगळं अंग आक्रसून, ताजं ऑपरेशन केलेला खांदा भिंतीवर आपटेल याची पर्वा न करता, त्या हातापासून लांब.

क्षणभरच. लगेच ती म्हणाली, "न्हाय आत्या, तसं न्हाय. चुकून झालं." पण ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. पोलिसांना जबाब दिला तेव्हा तिचा हात बधिर होता. आता तो जागा झाला होता आणि त्यानं त्याचा जबाब दिला.

"ऱ्हावू दे," कडूबाई म्हणाली. हात पदराखाली घेऊन ती बाहेर गेली.

घरी आल्यावर बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? कडूबाईनं सून भाजली, पोलीस आले, डॉक्टरनं वाचवली, असं गाव बोललं. मी जिथं ऐकलं तिथं भांडले. एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज अर्धवट शिवलेला तसाच परत दिला. पण कडूबाई कुणाला काही सांगायला गेली नाही. तिला दोन घरांतून बोलावणं आलं, बाळंतिणीच्या आयांनी स्वतः येऊन म्हटलं, आमचा भरोसा आहे. तिनं नको म्हणून मान हलवली. घरात तर त्याहून वाईट. ती स्वयंपाक करायची, धुणं करायची आणि पोरगी रांगत जवळ आली की उठून दुसरीकडं जायची. सोनालीचा एक हात झोळीत, त्यामुळं रोज सकाळी मी जाऊन राजनंदिनीला अंघोळ घालायचे. मला ते जमत नाही. पोरगी असं रडायची की रस्त्यावरचे लोक डोकावायचे. सोनाली बोलायची, "आत्या, तुम्ही घाला की." कडूबाई म्हणायची, "न्हाय बाई."

सोनालीनं किती वेळा सांगितलं, झोपेतून उठल्यावर भ्याले होते, तुम्हाला नाही भ्याले. कडूबाई ऐकून घ्यायची. तिला ते पटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. सोनाली त्यानंतर कितीदा तरी तिच्याशी नीट बोलली, भांडली, चहा दिला. पण जवळून जाताना भाजलेला हात ती पोटाशी घ्यायची. तिला ते कळत नव्हतं. कडूबाईला कळत होतं.

एका सकाळी मी नेहमीसारखी गेले तर दारातच ओवा भाजल्याचा वास आला. मी आत धावले. कडूबाई चुलीसमोर पाठमोरी बसली होती. तिनं डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या मऊ बाजूला, पुरचुंडी ठेवून उजव्या हातानं दाबून धरली होती. दात आवळलेले, घाम फुटलेला. मी ती पुरचुंडी ओढून फेकली. मीठ आणि पाला सगळ्या घरभर उडाला.

"डोकं फिरलं का, कडूमावशी?"

"बघत हुते," ती म्हणाली. "हाताच्या तळव्याला कळत न्हाय गं. म्हनून हितं लावून बघितलं." तिच्या हातावर फोड टरारून आला होता. ती त्याच्याकडं बघून लहान पोरीसारखी रडायला लागली. "लई गरम हुतं गं, समृद्धे. लईच गरम हुतं. म्या तिला बांधून ठिवलं."

मी सांडलेलं मीठ गोळा करायला वाकले. मागं वळून बघितलं तर सोनाली दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती आत आली, उजव्या हातानं सासूचा दंड धरला आणि तिला ओढत न्हाणीत नेलं. बादलीतलं गार पाणी तांब्यानं त्या फोडावर ओतत राहिली. एक बादली संपली तशी मी दुसरी आणून ठेवली. कडूबाई हुंदके देत होती, सोनाली ओतत होती.

"बास आता," शेवटी सोनाली म्हणाली. "दोघींचे बी हात गेल्यावर पोरीला कोन बघंल? समृद्धीवैनींच्या हातून ती रोज अर्धी मरती." मग मला म्हणाली, "वैनी, पोरीला आना. आन तेल."

कडूबाई नको नको म्हणत राहिली. सोनालीनं चुलीवरचं पाणी मला काढायला लावलं. कडूबाईनं पाण्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं.

"पानी तू बघ आदी," ती म्हणाली.

सोनालीनं झोळीतून डावा हात सोडवला. सावकाश खाली घेतला, खांदा ठणकला असणार, ओठ आवळले. बोटं पाण्यात घातली. "कढत हाय," ती म्हणाली आणि दोन तांबे गार पाणी मिसळलं. पुन्हा बोटं घातली. "घ्या आता."

कडूबाई पाय लांब करून बसली. मी पोरगी तिच्या पायांवर ठेवली. एका हाताला फोड, त्यामुळं तिला एकाच हातानं चोळता येत होतं. पोरीचं डोकं धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून सोनाली शेजारी टेकून बसली. पाणी ओतता ओतता कडूबाईचा ओला हात सोनालीच्या पट्टीवरून घासून गेला. कडूबाई दचकून थांबली.

सोनालीनं हात तिथंच ठेवला. "ओता की," ती म्हणाली, "पोरगी गारठती."